पट्टीखालचा आकडा

फ्रानेकर,
गुरुवार, ५ मार्च २०२६

प्रिय येल्मर,

तू आणि हिस्का बरे असाल, असं धरून चालतो. इथे कालव्यावरचा बर्फ गेला, माझा गुडघा तसाच आहे, आणि आई गेल्या महिन्यासारखीच. जेवते, ओळखते, बोलत नाही. येत्या चौदाला ती ऐंशीची होते. शनिवार आहे. तिच्या वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात वाढदिवसाचा खुर्च्यांचा गोल मांडायला परवानगी मिळालीय, केक सांगून झालाय. त्या गोलात आईला तिचंच जुनं बोलणं ऐकवा, असं तिची परिचारिका म्हणते. मी हो म्हटलंय.

पत्र अशासाठी की फोन तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी तुला काहीतरी शिकवायला लागेन.

काम छोटं आहे. दोन हार्ड डिस्कच्या ज्या साठवणीच्या डब्यात मी आईच्या कॅसेट उतरवल्या, त्याचा अडॅप्टर गेला. आधी दिवा लुकलुकायचा, आतून टकटक यायची. मीटर लावून पाहिलं: नुसता असताना बारा व्होल्ट, डबा जोडला की सातावर कोसळतो. कंपनी आता तो बनवत नाही. बाजारातल्या अडॅप्टरांच्या चार पिना दिसायला तशाच असतात, पण आतली जोडणी प्रत्येकाची वेगळी. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "बसतो ना? मग चालतो." अशा माणसाकडून मी काही घेत नाही. खात्रीचा एकच उरला: तुझ्याकडचा. दोन्ही डबे मी एकाच दिवशी घेतले होते. तुझ्या वाढदिवसाला दिलेला तो रिकामा डबा अजून जिन्याखाली खोक्यातच आहे, असं हिस्काने नाताळच्या कार्डात लिहिलं होतं. तर अडॅप्टर तेवढा टपालाने पाठव.

इथवर लिहून मी पाकीट चिकटवलं होतं. आता पुन्हा फोडलंय.

अडॅप्टरने भागणार नाही, येल्मर.

वाचनालयातल्या दुरुस्ती कॅफेत, लोकांच्या मोडक्या वस्तू आम्ही फुकट दुरुस्त करतो तिथे, माझं टेबल आहे, ते तुला माहीत आहे. टेबलावर मी लिहिलेली पाटी असते: आधी वाचा, मग लावा. लोकांनी सोडून दिलेल्या अडॅप्टरांची पेटीही मीच लावली, प्रत्येकावर माझ्या यंत्रातून छापलेली पट्टी. गेल्या शनिवारी त्या पेटीत चार पिनांचा एक सापडला. पट्टीवर बारा व्होल्ट. पट्टी माझी, मग तपासायचं कशाला? घरी आणून लावला. एकदा खट् झालं आणि करपलेल्या मासळीसारखा वास सुटला. पट्टी नखाने सोलली. खाली कंपनीने छापलेला आकडा होता, एकोणीस. वर्षापूर्वी कधीतरी नुसत्या पिना बघून मी त्या आकड्यावर माझा आकडा चिकटवला होता. मीटर हाताशी असताना.

तिथलंच शिवणकामाचं टेबल सांभाळणाऱ्या वीत्स्केला हे सांगितलं. ती धाग्यावरची नजर न काढता म्हणाली, "सीब्रेन, ती पाटी तू लोकांसाठी लिहिलीस की स्वतःसाठी?" मी कॉफी न घेता निघून आलो.

डबा मेला. आतल्या दोन डिस्क वाचल्या की नाही, ठाऊक नाही. दोन्हींवर तेच साठवलेलं, एक गेली तर दुसरी आहे, असं मी मिरवायचो. पण दोन्हींना वीज एकाच वायरीतून जाते. तुझ्या डब्यात घालून पाहिल्याशिवाय काही कळणार नाही.

तू म्हणशील, कॅसेट आहेतच की माळ्यावर. मीच तसं सांगितलं होतं. नाहीत. बाबा बोटीवर असताना आई दर रविवारी त्यांच्यासाठी बोलायची त्या नऊच्या नऊ कॅसेट, मागे किटलीची शिट्टी आणि मधेच "येल्मर, नाक पूस", सगळ्या मी डब्यात उतरवल्या आणि कचरा केंद्रावर नेऊन योग्य त्या पिंपात टाकल्या. धूळ धरत होत्या. दुसरी प्रत कुठेच नाही.

एक प्रत इंटरनेटवर ठेवू, असं तू म्हणाला होतास. परक्यांच्या कपाटात मी आईला ठेवणार नाही, असं मी म्हणालो. तुझा डबा भरून देणार होतो, तोही दिला नाही. तेव्हा तू म्हणालास, "आईच्या आवाजाचा तू मालक नाहीस, दादा. रखवालदार आहेस." तीन वर्षं ते वाक्य मला टोचतंय. संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर बाबांच्या अक्षरातलं तुझं नाव मी रोज वाचतो, आणि तीनही वर्षं त्या तारखेला फोन केलेला नाही.

डबा टपालाने पाठवू नकोस. घेऊन ये. डिस्क मी बाहेर काढून टॉवेलात गुंडाळून ठेवल्यात, त्यांना पुन्हा हात लावलेला नाही. तुझ्या खोक्याचं सील तू फोड, अडॅप्टरवरचा आकडा मोठ्याने वाच, प्लगही तूच लाव. मी मागे उभा राहीन. आवाज निघाला तर डबा तुझ्याबरोबर झ्वोलला परत जाईल, भरलेला. नाही निघाला, तर चौदाला त्या गोलात आईसमोर बसून काय बोलायचं, ते मला एकट्याला सुचत नाही.

शुक्रवारी, तेराला, संध्याकाळपासून मी घरीच आहे.

तुझा,
नीट राखू न शकलेला रखवालदार,
सीब्रेन