एकेचाळीस फेऱ्या

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुमची तब्येत ठीक असेलच. मामींचा खुबा कसा आहे, वॉकर घेऊन चालतात की अजून नर्सशी भांडण चालू आहे, हे विचारायला मी दवाखान्यात यायला हवं होतं. आलो नाही. तुम्ही सहाव्या मजल्यावर राहता, मी नऊ दिवस तुमच्याच इमारतीच्या लिफ्टवर काम करतोय, तरी तुमची बेल एकदाही वाजवलेली नाही. (दारासमोरून रोज कोणीतरी धापा टाकत धावतं, अशी तक्रार तुम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींकडे केलीत म्हणे. तो चोर नाही, मी आहे.) समोर आलो तर तुम्ही फक्त 'झाली का?' एवढंच विचारणार आणि मी 'बघतो' म्हणून पुन्हा जिना उतरणार. म्हणून सहा मजल्यांसाठी पत्र.

उद्या अकरा वाजता मामी घरी येणार आणि त्यांना तीन महिने जिना बंद. म्हणजे लिफ्ट उद्या चालायला हवी, आणि ती वापरायला सुरक्षित आहे अशा कागदावर सही हवी. आजवर ती सही तुमची असायची. मी शेजारी टॉर्च धरून उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, सही करण्यात काय एवढं! आता तुम्ही निवृत्त झालात, कागद माझ्यासमोर आला, आणि मी सकाळपासून पेनाचं टोपण सात वेळा काढून सात वेळा लावलंय. त्यात तुम्ही सेक्रेटरींना छातीठोकपणे सांगून ठेवलंत की माझा भाचा माझ्यापेक्षा चोख काम करतो. मामा, असं का सांगितलंत? 'पोरगा बरा आहे' एवढ्यावर भागलं असतं. आता काही कमीजास्त झालं तर माझं नाक जाईलच (ते तसंही फारसं वर नव्हतं), पण तुमची चाळीस वर्षांची पुण्याईही त्याच्याबरोबर जाईल.

माझं पहिलं एकट्याचं काम तुम्हाला आठवत असेल. दाताचे डॉक्टर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये पन्नास मिनिटं अडकले होते, सोबत त्यांचाच एक पेशंट. दोष वायरिंगचा निघाला, वायरिंग दुसऱ्याचं होतं, सगळं मान्य. पण वर्कशॉपमध्ये मला त्या दिवसापासून 'अधांतरी' म्हणतात, आणि खरं सांगतो, मला ते नाव पटतं. मी कोणतंही काम पूर्ण केलं की ते पुन्हा उघडून बघतो. नट घट्ट आवळला की वाटतं, जास्तच आवळला. सैल केला की वाटतं, झालं, आता पडणार. घरी जेवताना ताट ओढलं तरी मला ब्रेक घासल्याचा आवाज येतो. (बायको म्हणते, आधी जेव, मग पड. तिला हसू येतं, मला घाम फुटतो.)

तरी या लिफ्टच्या बाबतीत हयगय केलेली नाही. पोलादी दोर नवे बसवले. ब्रेक तीनदा उघडून तीनदा जोडला. मग रेतीची पोती भरली, अगदी वजन करून: तुम्ही, मामी, वॉकर, मी आणि मामी दवाखान्यातून जे काही उचलून आणतील ते. (सगळ्यांत जड पोतं तुमच्या नावाचं आहे, राग मानू नका.) अशा एकेचाळीस फेऱ्या झाल्या. एकदाही हिसका नाही, कुरकुर नाही, थांबते ती फरशीला समतल. सेक्रेटरी खूश आहेत. मी नाही. एकेचाळीस वेळा नीट चालली म्हणजे बेचाळिसाव्या वेळी काय करेल, याचाच हिशोब मी करत बसतो.

बाकी सर्व कुशल. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा आज्ञाधारक,
अधांतरी

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, लपवली. ज्याने दोर बसवला त्याने पहिली फेरी स्वतः मारायची, हा तुमचा नियम. त्या एकेचाळीस फेऱ्या पोत्यांनी मारल्या. मी फक्त हात आत घालून सहाचं बटण दाबायचो, दार लागायच्या आत हात काढून घ्यायचो आणि जिन्याने पळत वर जायचो. माझे गुडघे आता मामींपेक्षा वाईट आहेत.

ता. क. २. तेव्हा विनंती अशी, की उद्या सकाळी तुम्ही खाली या, लिफ्ट बघा आणि सही तुम्हीच करा. शेवटची. कोणाला कळणार नाही.

ता. क. ३. वरची विनंती रद्द. हे पत्र पोत्यावर ठेवून लिफ्टने तुमच्याकडे पाठवणार होतो. बटण दाबायला हात आत घातला आणि स्वतःचीच लाज वाटली. पत्र जाऊ शकतं, रेती जाऊ शकते, उद्या मामी जाणार, आणि मी तेवढा जिन्याने? आत आलोय. तुमच्या पोत्यावर बसलोय. दार लागलं.

दुसरा मजला.

दुसरा आणि तिसरा यांच्या मध्ये. थांबली नाही.

अक्षर हलतंय ते लिफ्टमुळे नाही, लिफ्ट सुरेख चालतेय.

पाचवा. मामा, दाराशी या. येताना तुमचं पेन आणू नका, माझं आहे.