फाइलमधल्या ‘बस’ या शब्दाच्या दुरुस्तीबाबत

प्रति,
मा. रुग्ण-तक्रार अधिकारी,
विलो बेंड हॉस्पिटल, सस्काटून.

अर्जदार : कु. जाई योगेश गजभिये, इयत्ता अकरावी.

विषय : श्री. रावसाहेब गजभिये (वय ८१, खोली ४१२) यांच्या फाइलमधील एक शब्द दुरुस्त करून त्यांना शेवटच्या दिवसांसाठी घरी सोडणेबाबत.

संदर्भ : आपल्या लिफ्टशेजारचा फलक, ‘तुमच्या भाषेत लिहा, भाषांतर आम्ही करून घेऊ.’

महोदय,

१. अर्जदार ही वरील रुग्णाची नात आहे. इंग्रजीत लिही, असे आई म्हणत होती; परंतु सगळा घोळ इंग्रजीतच झालेला असल्याने दुरुस्ती मराठीत व्हावी, असे अर्जदारास वाटले. अर्ज लिहायला आजोबांनीच शिकवले. अर्जात ‘मी मी’ करू नये, ‘अर्जदार’ म्हणावे, म्हणजे साहेब नीट वाचतात, असे त्यांचे म्हणणे होते.

२. आजोबा नागपूरला एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर ते बाबांकडे इथे आले आणि चार वर्षांपूर्वी त्यांना डिमेन्शिया झाला. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेनासे झाले, मग वॉशरूमची वाट, मग बाबांचे नाव. सप्टेंबरपासून त्यांना पाच वेळा ॲम्ब्युलन्सने आपल्याकडे आणले : ताप, पडणे, लघवीचे इन्फेक्शन, घशात अडकलेला घास, परत ताप. फॅमिली डॉक्टरांचे क्लिनिक चारला बंद होते आणि नंतर फोनवर टेप लागते, इमर्जन्सीत जा. म्हणून घरचे जात राहिले. दर वेळी नवे डॉक्टर, नव्या नर्स आणि तोच प्रश्न, की हे साल कोणते. एकदा आजोबांनी उलट विचारले होते, की तुम्हाला माहीत नाही का. अर्जदार तेव्हा फार हसली होती.

३. तिसऱ्या खेपेला, नोव्हेंबरात, नर्सने विचारले की हे सारखे ‘बस, बस’ काय म्हणतात. अर्जदार कोट न काढता दारात उभी होती, कारण तिची व्हॉलीबॉलची प्रॅक्टिस होती. तिने मोठ्या ऐटीत सांगितले, की आजोबा कंडक्टर होते, त्यांना बस हवी आहे. सगळ्यांना ते गोड वाटले. कोणीतरी पिवळ्या स्कूलबसचे चित्र भिंतीवर लावले, आणि फाइलमध्ये लिहिले गेले : ‘रुग्ण सतत बस मागतो. बाहेर निघून जाऊ पाहतो.’

४. तेव्हापासून दर खेपेला खाटेला अलार्म आहे आणि गुंगीची गोळी आहे. आजोबा ‘बस’ म्हणाले की नर्स प्रेमाने सांगतात, बस येतेच आहे, आणि कामाला निघून जातात. मग ते पुन्हा म्हणतात. मग पुन्हा गोळी.

५. गेल्या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांनी प्रथमच स्पष्ट सांगितले, की हा आजारच शेवटचा आहे आणि फार तर महिना उरला आहे. घरी ठेवा, मी येत जाईन, नर्सही येईल. हे आधी का नाही सांगितले, असे आईने विचारले. त्यांना वाटत होते हॉस्पिटलने सांगितले असेल. हॉस्पिटलला वाटत होते त्यांनी सांगितले असेल. आता आपले कार्यालय म्हणते, की पळून जाणाऱ्या रुग्णाला घर सुरक्षित नाही, त्याला दोन तासांवरच्या कुलूपबंद वॉर्डात हलवावे लागेल. महोदय, आजोबांना कूसही बदलता येत नाही. ते उणे तीस अंशांत पळून जाणार कुठे?

६. परवा शनिवारी आई खाटेजवळ उभी राहून फोनवर बोलत होती. आजोबा तिच्याकडे बघून म्हणाले, “बस गं.” आई बसली. त्यांनी डोळे मिटले. अजून बस कशाला मागतात, असे अर्जदाराने विचारले.

“अगं, बस कुठली? बसायला सांगतायत,” आई म्हणाली.

आई एरवी आल्या आल्या बसते, त्यामुळे तिला ते कधी सांगावे लागले नव्हते. भिंतीवरचे चित्र तिला सजावट वाटले होते.

७. हे अर्जदारास कळायला हवे होते. कंडक्टर ‘बस’ म्हणत नाही, ‘गाडी’ म्हणतो. आजोबांनी जन्मभर गाडीच म्हटले. शिवाय बस स्त्रीलिंगी असली, तरी बसला कोणी ‘गं’ म्हणत नाही. दोन महिने ते दारातल्या प्रत्येक माणसाला बसायला सांगत होते. कोणी बसले नाही. अर्जदारही नाही.

८. तरी विनंती, की फाइलमधले ते वाक्य खोडून तिथे ‘बस म्हणजे जवळ बसा’ असे लिहावे, आणि त्यांना वॉर्डात न पाठवता घरी सोडावे. बाबांनी हॉलमध्ये खिडकीशी खाट लावली आहे. चूक नर्सची नाही, अर्जदाराची आहे. तसे कुठेही सही करून द्यायला ती तयार आहे. उत्तर लवकर द्यावे. आजोबा आता फारसे बोलत नाहीत. काल दिवसभरात ते एकदाच ‘बस’ म्हणाले.

सध्या खोली ४१२ मध्ये बसलेली,
आपली नम्र,
जाई गजभिये
सस्काटून, २० जानेवारी २०२५

सोबत :
१. फॅमिली डॉक्टरांचे पत्र.
२. घडीची खुर्ची, एक. खोलीत खुर्ची नसल्यामुळे घरच्या बेसमेंटमधून आणली आहे. अर्जदार शाळेत असेल तेव्हा कोणीही बसावे. दोन मिनिटे पुरतात.