मुलं कोणाकडे

बाबा, समोर मी तुम्हाला अरे-तुरेच करायचो. पण लिहायला बसलो की हात आपोआप ‘तुम्ही’ लिहितो, मराठी शाळेची सवय. घरात एक बोलायचं आणि कागदावर दुसरं लिहायचं, आपण सगळे असेच वाढलो. मराठी की कोंकणी, यावरून गेली दोन-तीन वर्षं इथे इतकी डोकी फुटली की आता कोणी भाषेचा विषय काढला तरी मी चपला घालून बाहेर पडतो. गोव्याचं वेगळं राज्य झालं म्हणून फटाकेही वाजले. डिचोलीत, खाणीच्या ऑफिसात, मी त्या दिवशीही हजेरीचं रजिस्टर भरत होतो. दमलोय बाबा. चाळिशीही आली नाही, तरी संध्याकाळी घराची पायरी चढताना जिवावर येतं.

मृत्युपत्र करायचं हिच्या मनात आलं. आमच्या ऑफिसातला एक जण आणि त्याची बायको स्कूटरवरून येताना खनिजाच्या ट्रकखाली गेली, दोघंही. तेराव्याच्या जेवणानंतर त्यांच्या मुलांवरून नातेवाइकांत जे काही झालं ते हिने बघितलं. ही प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, त्यांची थोरली मुलगी हिच्याच वर्गात. घरी आल्यावर हिने पदर खोचला, चहा टाकला आणि म्हणाली, “आपण कागद करायचा. घराचं काय व्हायचं ते होऊ दे. मुलं कोणाकडे, एवढं लिहून ठेवायचं.” आमचा थोरला आठ वर्षांचा, धाकटी साडेचार. मी हो म्हटलं. मला तर ते तिच्याही आधी सुचायला हवं होतं.

कारण तुम्ही तेच सांगून ठेवलं नव्हतंत. आई गेली, पाठोपाठ वर्षभरात तुमच्या छातीने दगा दिला. तेरेखोलच्या तरीवर होडी घालणारा माणूस शेवटचे तीन महिने केरीच्या काठावर कांबळं पांघरून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, होडी भागीदाराला, देवळातल्या दिव्याची पाळी भावाला, परसातला माड कोणी तोडायचा नाही. कुत्र्याचंसुद्धा सांगितलंत. मी नऊ वर्षांचा, तुमच्यासाठी पेजेचा टोप घेऊन आलेला. मी विचारतो, “आणि आम्ही?” तुमचा चेहरा असा होतो की मला वाटतं आता थोबाडीत बसणार. “गप रव,” तुम्ही म्हणता. “दोघांय एकत्र रवतलात. माका परत विचारू नको.” मी परत विचारलं नाही. तुमच्या बाराव्या दिवशी पानं उचलल्यावर काका आणि आत्या ओसरीवर बसली, आणि पान खाऊन होईपर्यंत ठरलंसुद्धा. मी काकाकडे पेडण्यात, बहीण आत्याकडे वास्कोला. ती चार वर्षांची. तिला वाटलं जत्रेला नेतायत, म्हणून ती हसत गेली. पुढे आम्ही वर्षातून एकदा, चतुर्थीला भेटायचो, आणि दर वेळी पहिला अर्धा दिवस एकमेकांना लाजण्यात जायचा. तीस वर्षं मी तुम्हाला यासाठी माफ केलं नाही. बायकोला, मित्रांना, दारू प्यायलेल्या शेजाऱ्याला, सगळ्यांना सांगत आलो की माझ्या बापाला कुत्र्याची काळजी होती, आमची नव्हती.

तर आम्ही दोघं नोटरीच्या कचेरीत गेलो. मी आठ दिवस खपून सुंदर अक्षरात एक मसुदा केला होता, ‘आम्ही उभयता पती-पत्नी’ असा सुरू होणारा. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने चष्म्यावरून बघितलं आणि कागद परत सरकवला. “नवरा-बायकोचं एकत्र चालत नाही. गोव्यात जन्म गेला तुमचा, एवढंही माहीत नाही? पोर्तुगिजांच्या वेळचा जुना कायदा आहे. प्रत्येकाने आपापलं करायचं. अर्धं घर बाईंचं आहेच, ते तुम्ही देणारे कोण?” हिला हसू आलं, मी कानकोंडा झालो. मग त्याने मुलांचं विचारलं. जो मागे राहील त्याच्या हातात मुलं, आणि पुढे तोही गेला तर त्याने लिहिलेलं नाव धरतात, असं त्याने समजावलं. “नाव कोणाचं घालू?” ही पटकन म्हणाली, “ह्यांच्या बहिणीचं.” हिच्या माहेरी आता कोणी उरलेलं नाही, आणि माझ्या चुलतभावांकडे ही कुत्र्याचं पिल्लूही ठेवणार नाही. कारकून म्हणाला, “आधी त्या बाईला विचारा. न विचारता नाव घालणारे पुष्कळ येतात इथे.”

म्हणून गेल्या रविवारी मी एकटाच वास्कोला गेलो. तिच्या नवऱ्याची नोकरी मुरगावच्या धक्क्यावर, दोन खोल्यांचं क्वार्टर, तीन मुलं, सासू. तिने मला बसायला कदेल दिली, चहा आणि बेकरीतले उंडे पुढे ठेवले आणि स्वतः खाली बसून बांगडे साफ करू लागली. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही. हातातला बांगडा साफ करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “धाकटेक ठेवीन रे. दोघांक माका जमाचा नाय.” मी म्हटलं, तू हे म्हणतेस? तू? ती म्हणाली, “मीच म्हणतंय. माका ठाऊक आसा खयच्या घरात कितके मावतत ते.” मला भयंकर राग आला. आणि रागाच्या भरात मी नेहमीचंच बोललो, की आपल्या बापाने वेळेवर तोंड उघडलं असतं तर आपल्यावर ही पाळी आली नसती.

तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. “बाबान आत्येक विचारल्यान होता,” ती म्हणाली. “दोघांक ने म्हणान तो तिच्या पायार पडलो. ती म्हणाली, चेडवाक नेतंय, झिलाक नाय. आत्येन मराच्या आधी माका सांगल्यान.” मी विचारलं, मग मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस? तर म्हणते, “तुका कोणावर तरी रागवाक व्हया होता.”

बाबा, म्हणजे मी पेजेचा टोप घेऊन आलो तेव्हा माझ्यासाठी तुम्हाला आत्याचा नकार मिळून गेलेला होता. ठाऊक असून तुम्ही मला ‘एकत्र’ म्हणालात. परतीच्या बसमध्ये मी हे उलटसुलट करत होतो आणि तुमचा राग धरायला कुठे जागाच सापडत नव्हती. इतकी वर्षं तुमच्याबद्दल जे बोललो ते सगळं आता कोणाकोणाकडे जाऊन परत घेऊ? माझं चुकलं. एवढ्या जुन्या चुकीचं करायचं काय, ते मात्र कळत नाही.

घरी आलो तर ही वह्या तपासत होती. पेन तसंच धरून तिने विचारलं, “काय म्हणाल्या?”

“हो म्हणाली.”

“दोघांना?”

“दोघांना.”

तिने डोळे पुसले आणि मुलांसाठी रव्याचे लाडू करायला घेतले, सणवार नसताना लाडू न करणारी बाई. गुरुवारी आम्ही दोघांनी आपापल्या कागदावर सह्या केल्या. दोन्ही कागदांवर माझ्या बहिणीचं नाव आहे, आणि तिला त्याचा पत्ता नाही. ही त्या दिवसापासून निर्धास्त आहे. स्वयंपाकघरात गुणगुणते. मी पानावर बसलो की ती भात वाढते, माझ्याकडे बघते आणि मी खाली बघून भात कालवत राहतो. खरं तर हे सगळं तिला सांगायचं आहे. तुम्ही काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.