पत्नीच्या मेंदूतील गुंत्याचा नमुना सादर करता येत नसल्याबाबत

प्रति,
मा. साहाय्य मंजुरी अधिकारी,
दीर्घ आजार विभाग,
दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय: नमुना न घेता दिवसाच्या मदतनिसाचे साहाय्य चालू ठेवणेबाबत.

संदर्भ: "रुग्णाच्या मेंदूतील गुंत्यात कोणकोणती प्रथिने आहेत याचा तपशील नमुन्यासह सादर करावा, अन्यथा साहाय्य महिनाअखेर बंद होईल" हे आपले पत्र.

सोबत: डॉक्टरांचा दाखला (तिसऱ्यांदा). नमुना जोडलेला नाही.

महोदय,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. अवघड धडा आला की मी मुलांना म्हणत असे, "डोळे मिटा आणि कल्पना करा." आपणही करावी, ही विनंती. डोळे उघडे ठेवले तरी चालेल. कार्यालयीन वेळ आहे.

कल्पना करा, मेंदूतली पेशी म्हणजे एक लांबलचक कारखाना. आत बारीक रूळ आहेत, त्यांवरून माल या टोकाचा त्या टोकाला जातो. रूळ जागेवर धरणाऱ्या खिट्ट्या म्हणजे टाऊ नावाचे प्रथिन. अल्झायमरमध्ये या खिट्ट्यांवर फॉस्फेटची पुटे चढतात, त्या निखळतात, एकमेकींत अडकतात आणि पीळ पडून त्यांचा गुंता होतो. मग रूळ खिळखिळे आणि माल ठप्प.

पण गुंत्यात एकटा टाऊ नसतो. इतर अनेक प्रथिनेही त्यात सापडतात. त्यातले एक म्हणजे युबिक्विटिन, 'हे टाकून द्या' अशी चिठ्ठी. चिठ्ठी लागते, पण टाकून कोणी देत नाही. हा भाग आपल्या कार्यालयात अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. या गर्दीतले गुन्हेगार कोण आणि येता-जाता अडकलेले कोण, हे शास्त्रज्ञ अजून तपासत आहेत. मीही आपल्या रांगेत पुष्कळदा अडकलो आहे. तेवढ्याने मी आपल्या खात्याचा घटक ठरत नाही.

असा सविस्तर तपशील मिळवायचा तर मेंदूचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि तो सहसा माणूस गेल्यावर काढतात. माझ्या पत्नीला तिचा मेंदू तूर्त लागतो. हे मी खिडकीवर सांगितले, तेव्हा आपले लिपिक सहानुभूतीने म्हणाले, "आजोबा, मग झेरॉक्स आणा ना. ओरिजिनल फक्त दाखवायचं, लगेच परत देऊ." त्यांच्या सौजन्याबद्दल मी आभारी आहे.

मदतनीस ताई गेल्या तर काय होईल, तेही कळवतो. पत्नी गॅस चालू करते आणि काडी ओढायचे विसरते. दार उघडे दिसले की शाळेत जायला निघते. मुलगी कामावर असते, आणि माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर पत्नीला रस्त्यात गाठणे शक्य नाही. ताईंना दुसऱ्या घरचे बोलावणे आले आहे. त्या महिनाअखेरपर्यंत थांबल्या आहेत.

मंगळवारी आपले निरीक्षक घरी आले. पत्नीही शिक्षिका होती. तिने त्यांना "दारात काय उभा राहतोस? जागेवर बस" म्हणून बसवले आणि हजेरी सुरू केली. नावामागून नाव, न अडखळता. निरीक्षक मला हळूच म्हणाले, "एवढं पाठ आहे की हो! मग विसरतात काय?" मी म्हणालो, "साहेब, तो वर्ग आमच्या मुलीच्या जन्माआधीचा. त्या मुलीचं नाव विचारा." त्यांनी तेवढे कष्ट घेतले नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या नातीकडे बोट करून विचारले, "ही कोण?"

पत्नीने तिला नीट न्याहाळले. "नवीन आलीय. हिचं नाव अजून घातलं नाही."

निरीक्षकांनी 'स्मरणशक्ती समाधानकारक, उत्तरे तत्पर' असा शेरा लिहिला. तो रद्द करावा आणि ताईंना राहू द्यावे, एवढेच माझे मागणे आहे.

शेऱ्यात न आलेली एक बाब नोंदवून थांबतो. नावांना कोणी 'हजर' म्हणेना, तशी पत्नी कासावीस झाली. "कुठं गेली सगळी पोरं?" म्हणत दाराकडे निघाली. तिला 'आजी' म्हणून हाक मारण्यात अर्थ नाही, हे नातीला आता ठाऊक आहे. ती झटकन पुढे झाली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि हात वर करून म्हणाली, "बाई, माझं नाव घाला ना." आणि तिने आपले पूर्ण नाव सांगितले, एकेक अक्षर सुटे करून, नव्या बाईंना सांगतात तसे.

आपला नम्र,
(सही)
रुग्णाचा पती
दिनांक: शुक्रवार, महिना संपायच्या आत