तुमचे हात आणि करडईचं तेल

अण्णा,

आज ठाण्याच्या आवारात सकाळपासून परवानावाल्यांची रांग लागली होती. निवडणूक जाहीर झाली की ज्याच्याकडं परवान्याचं हत्यार आहे त्यानं ते आणून ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची आणि निकाल लागल्यावर परत न्यायचं, हे मी तुम्हाला काय सांगणार. त्या रांगेत मला पहिल्यांदा तुम्हीच नेलं होतं. आता टेबलाच्या अलीकडं मी बसते, अंगावर खाकी आणि पुढ्यात जाड रजिस्टर. तुम्ही हे पाहिलं नाहीत, सोळा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. पण दुपार कलली, लिंबाची सावली टेबलावर आली आणि डोळे जड झाले, की रांगेच्या अगदी शेवटी तुम्ही उभे दिसता, पांढरा शर्ट, खांद्यावर दस्ती, काखेत ते चामडी पाकीट. दर निवडणुकीला मी ठरवते, की तुमचा नंबर आला की सांगून टाकायचं. तुमच्या हातांतला जोर गेला नव्हता, अण्णा. तो गेला असं धरून तुम्ही शेवटची चार वर्षं काढलीत आणि तसेच गेलात. खरं काय झालं होतं ते मला माहीत होतं, तेव्हाही माहीत होतं.

पण आधी आजची गंमत सांगते, तुम्हाला आवडली असती. लिंबाखाली खुर्च्या टाकल्या की ही मंडळी एकमेकांची पिस्तुलं बघायला लागतात, बैलबाजारात दात बघावेत तशी. एक गुत्तेदार आहे, रस्त्याची कामं घेणारा. मला म्हणाला, "मॅडम, ह्याच्यासारखं पिस्तूल दुनियेत न्हाय. बारा वर्षं झाली, एकदा सुदीक अडकलं न्हाय." मी विचारलं, आजवर गोळ्या किती मारल्या? तो म्हणाला, "मारली न्हाय की अजून. मारल्याशिवाय अडकंल कसं?" त्याच्या शेजारी द्राक्षबागवाला बसला होता, नवं छोटं मॉडेल घेतलेला. त्याचं म्हणणं, वजनाला हलकं आहे, खिशात दिसत नाही, पण घोडा लई कडक, बोट दुखतंय. दुसऱ्याच्या मॅगझिनमध्ये आठवी गोळी बसता बसत नाही, म्हणून तो सातच भरतो आणि सात शुभ असतात असं वर सांगतो. एकाला सेफ्टीचा खटका इतका बारीक वाटतो, की ऐन वेळेला अंगठ्याला सापडणारच नाही. एकाची तक्रार पिस्तुलाबद्दल नव्हतीच, कमरेला लावलं की पॅन्ट खाली येते म्हणे, लग्नात एक हात पॅन्टीला लागतो. मग सरकारी कारखान्याचं भारी का आजोबांच्या वेळचं विलायती भारी, यावर जुंपली. नव्या जावयाबद्दल माणसं बोलतात तसं हे सगळं असतं, माहिती थोडी आणि खात्री फार.

तुमच्या वेळीही हेच चालायचं, आणि तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी बोलायचात. फौजेत बावीस वर्षं हत्यारं दुरुस्त करायच्या वर्कशॉपात काढलेला माणूस म्हणून लोक थांबायचे. पेन्शनीत आल्यावर तुम्ही स्वतःच्या नावचं पिस्तूल घेतलंत आणि कळंबला एका सराफाच्या दुकानात राखणीला लागलात. रांगेतले लोक आपापली पिस्तुलं तुमच्यापुढं धरायचे, जसं काही डॉक्टरच बसलाय. तुम्ही वरची सरकती स्लाईड मागं ओढायचात, कान देऊन तिचा आवाज ऐकायचात आणि म्हणायचात, "पिस्तुलात काय खोट न्हाय. कवा पुसलं होतं ते सांगा." माणूस वरमून हसायचा. स्वतःच्या पिस्तुलाबद्दल तुम्ही एवढंच बोलायचात, "मला ह्यानं कधी दगा दिला न्हाय." बढाई वाटायची नाही ती, कारण आठवड्याच्या सुट्टीला स्वयंपाकघरात तुम्ही काय करायचात ते मी पाहिलेलं होतं.

आई भाकरी थापतेय आणि तुम्ही भिंतीला टेकून बसलाय, पुढं जुना पेपर अंथरलाय. नळी, स्प्रिंग, स्लाईड, मॅगझिन, सगळं ओळीनं मांडलेलं. चुलीचा धूर आणि तुमच्या त्या तेलाचा वास एकमेकांत मिसळलाय आणि आई म्हणतेय, "ते उचला आधी, कालवणाला वास लागतोय त्याचा." तुमची तेलाची बाटली बोटाएवढी, आतलं तेल पाण्यासारखं पातळ. काडीच्या टोकावर एकच थेंब घेऊन तुम्ही तो लावता आणि मग तोही फडक्यानं पुसून टाकता. पुसायचंच तर लावायचं कशाला, हे मला कधी कळलं नाही. मला जवळ बसायची परवानगी होती, हात लावायची नव्हती. एकदा तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि मी ते उचलून दारातल्या मांजरावर धरलं. रिकामं होतं, मला माहीत होतं. तुम्ही ओरडला नाहीत. हातातून काढून घेतलंत, नळी जमिनीकडं केलीत आणि म्हणालात, "रिकामं हाय म्हणत म्हणतच माणसं मेलीत, माय." मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मार परवडला असता. आता टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं वाक्य हेच म्हणते, नळी जमिनीकडं, आणि माझा आवाज तुमच्यासारखा निघतो.

मी अकरावीत होते त्या वर्षी नवरात्रात तुम्हाला ताप भरला. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा. कोयता, विळा, कुऱ्हाड, आणि मधोमध तुमचं पिस्तूल. दर वर्षी ते पुसून तुम्हीच पाटावर ठेवायचात. त्या वर्षी उठवत नव्हतं, तरी तुम्ही अंथरुणात बसून ते रिकामं केलंत, दोनदा तपासलंत आणि पहिल्यांदा माझ्या हातात दिलंत. "नुसतं फडक्यानं पूस. एक थेंब तेल बास." मला आभाळ ठेंगणं झालं. पण तुमची बाटली कोरडी होती. तुम्ही ग्लानीत, विचारणार कुणाला? आणि आईचं चाललेलं, की देवाच्या हत्याराला तेल कमी पडू नये. फडताळात तेलाची बुधली होती, तेल आपल्याच शेतातल्या करडईचं, घाण्यावरून आणलेलं. घरात त्याहून चांगलं काय होतं? मी एक थेंब नाही, वाटीभर घेतलं. जिथं जिथं फट दिसली तिथं सोडलं, कोयत्यालाही लावलं, पिस्तुलालाही लावलं. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. तुम्ही भिंत धरत आलात, वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "लई चमकायलंय गं." तुमच्या तोंडून एवढं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं. त्यानंतर तेल कुठलं होतं हे सांगायची काही गरजच वाटली नाही.

तापानं तुम्हाला दोन महिने उठू दिलं नाही. पिस्तूल पेटीत राहिलं. तुम्ही हिंडू-फिरू लागलात, कामावर परत जायचा दिवस ठरला आणि तेवढ्यात निवडणूक लागली. तुम्ही ते पेटीतून काढून सरळ पाकिटात घातलंत. एरवी उघडून पाहिल्याशिवाय तुम्ही ते घराबाहेर नेलं नसतंत, पण मी पुसलंय यावर तुमचा भरवसा होता. मला म्हणालात, "चल माय, सोबतीला. अजून चक्कर येती मला." आपण एसटीनं तालुक्याला गेलो.

ती दुपार मला अजून पाण्याखालून पाहावी तशी दिसते, सगळं हळूहळू हलणारं. तुमचा नंबर येतो. टेबलाशी कोवळा शिपाई आहे, तो म्हणतो, "आजोबा, उघडून दाखवा." तुम्ही नळी जमिनीकडं करता, स्लाईड धरता आणि ओढता. ती हलत नाही. तुम्ही जरा हसता, पकड बदलता, पुन्हा ओढता. तापानं तुमच्या मनगटाची हाडं वर आलीत. खुर्च्यांवरची मंडळी आता तुमच्याकडंच बघतायत. तिसऱ्यांदा तुम्ही दात खाऊन जोर लावता आणि कपाळाला घाम येतो. मग तो शिपाई म्हणतो, "द्या इकडं," आणि एका हिसक्यात ती उघडतो. कुणीतरी मागून म्हणतं, अगदी मायेनं म्हणतं, "वय झालं आता अण्णांचं." तुम्ही आपल्या हाताकडं बघता. मी पिस्तुलाकडं बघते. स्लाईडच्या कडेला पिवळा चिकटा आहे, आईच्या बुधलीच्या तोंडाशी जमतो ना, अगदी तसाच. करडईचं तेल वाळलं की सरसासारखं धरतं, हे त्या घटकेला मला कळलं. तुम्ही मान वर केलीच नाहीत, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. दिसलं असतं तर तिथंच मला विचारलं असतंत, तेल कुठलं लावलंस म्हणून. शिपायानं ते कपाटात ठेवलं, तुम्ही पावती घेतलीत, आणि निकालानंतर ते आणायला न जाता परवानाच परत केलात. सराफाला निरोप धाडलात, "हातात जोर न्हाय आता. दुसरा माणूस बघा."

मी घाबरले होते, म्हणून गप्प बसले. एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होतात, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. 

पुढं तुम्ही घरीच राहिलात. गल्लीतल्या बाया शिवणयंत्रं घेऊन यायच्या, शेजारपाजारचे फवारणीचे पंप यायचे, आणि तुम्ही ओट्यावर बसून ते खोलायचात. जवाएवढे स्क्रू त्याच हातांनी लीलया फिरवायचात आणि तरी पाण्याची कळशी उचलायची वेळ आली की म्हणायचात, "तू घे गं, माझ्या हाताचा भरवसा न्हाय." मी ती उचलून आत न्यायचे. लहानपणी मला तुम्ही वर्षातून एकदा सुट्टीवर येणारे होतात, नंतर दुकानातून अंधार पडल्यावर येणारे. आता सकाळी उठलं की तुम्ही असायचात. पोलीस भरतीसाठी मी माळावर पळायचे आणि तुम्ही जुनं घड्याळ हातात धरून बांधावर बसायचात, वेळ नेहमी दोन सेकंदांनी कमी सांगायचात. शाळेतून येणाऱ्या पोरीसारखं मी तुम्हाला सगळं सांगायचे, त्या एका गोष्टीशिवाय.

आज तेरखेड्याहून एक काका आले होते, फटाक्यांचा कारखाना आहे त्यांचा. पिस्तूल कधी कारखान्यात नेत नाहीत म्हणे, "काडीपेटी न्हेत न्हाय, हे काय न्हेऊ?" सत्तरीचे असतील. त्यांना मी उघडून दाखवा म्हटलं आणि त्यांची स्लाईड हलेना. दोनदा ओढली, तिसऱ्यांदा ओढली. गुत्तेदार हसला, "काका, बदाम खावा जरा." काकांनी आपल्या हाताकडं पाहिलं. मी उठलेच. त्यांच्या हातातून ते घेतलं, वास घेतला. खोबरेल. थंडीत गोठून बसलेलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, तुमचे हात धडधाकट आहेत. तेल गोठलंय." ते म्हणाले, "खरंच का, बाई?" उन्हात धरलं आणि पाच मिनिटांनी त्यांनी स्वतःच्या हातानं ते उघडलं, मग उगाच परत एकदा उघडलं. पावतीवर सही करताना हसत होते. एक मिनिट लागलं मला सांगायला, अण्णा. एक मिनिट.

आता रांग संपलीय, आवार रिकामं आहे आणि रजिस्टरमधल्या एका कोऱ्या कागदावर मी हे लिहितेय. पाठवायचं कुठं, घडी करून पर्समध्ये ठेवीन. वर लिहिलेलं वाचलं आणि तिथंही मी तुमच्याशी खोटंच बोललेय असं दिसलं. घाबरले म्हणून गप्प बसले, असं लिहिलंय. भीती आठवड्याभरात गेली होती. तुम्ही रागावला असता, एवढंच. पण सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तुम्ही सराफाच्या दुकानात परत गेला असता, ताठ मानेनं. मला तुम्ही घरी हवे होतात.