खाडीतल्या तिसऱ्या संपल्या

दौलतगंज, १४ मे

संध्याकाळी कोकणातून ताईचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं, कुणी गेलं. तसंच म्हणायचं. खाडीतल्या तिसऱ्या संपल्या. मी लग्न होऊन इथे ग्वाल्हेरला आले. ती मात्र जन्मभर ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्यांतल्या तिसऱ्या काढायची, कालवणासाठी विकायची. आता म्हणे चिखलावर कुठल्याशा परक्या काळ्या शिंपल्यांचा नुसता थर. जहाजांना चिकटून आले, असं लोक सांगतात. त्याखाली तिसऱ्या गुदमरल्या. उरल्यासुरल्या या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात तोंड उघडून मेल्या. तोंड उघडून. हे तिने दोनदा सांगितलं. पोळ्या लाटतानाही मला तेच दिसत राहिलं.

फोनवरच मग ताई म्हणाली, "तुझ्याकडे येऊ का गं? कायमची?"

मी "ये" म्हटलं. शेजारून लेक पुटपुटली, "मावशी यहाँ कैसे रहेगी, आई? करमेल का तिला?" ताईने ऐकलं की काय, कोण जाणे. तिने विचारलं, "घराजवळ पाणी आहे का गं?"

"नदी आहे," मी म्हणाले. स्वर्णरेखेचा कधीच नाला झालाय, हे सांगवलं नाही.