कॅप्टन कंटाळ्याची मिशी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण सध्या साधं वाकणंसुद्धा फक्त कागदावर जमतंय. का, ते पुढे येईल.) तुझी तब्येत ठणठणीत असेल, दाजींच्या गुडघ्याची कुरकुर थांबली असेल आणि गुडघ्याच्या वतीने दाजींनी चालवलेली कुरकुरही थांबली असेल, अशी आशा करतो. इकडे मी मजेत. कवळ्यांचं काम जोरात आहे. लोकांचे दात पडताहेत तोवर आपल्याला काळजी नाही (हे वाक्य दवाखान्यात मोठ्याने म्हणायचं नाही, अशी मला डॉक्टरांनी समज दिली आहे). पत्र जरा लांबेल. मागच्या पत्रातल्या चुकांना लाल शाईने गोल करून ते तू मला परत पाठवलंस, तसं या वेळी करू नकोस. मुख्याध्यापिका निवृत्त झाली की लाल पेनही निवृत्त व्हायला हवं. काम तसं काही नाही, सहज लिहायला बसलो.

तर झालं असं, की माझ्या वरच्या मजल्यावर हरकतकाका राहतात. खरं नाव पाटीवर आहे, पण इमारतीच्या प्रत्येक बैठकीत ‘माझी हरकत आहे’ म्हणत उठतात म्हणून हे नाव पडलं. (एकदा चहा वेळेवर आला म्हणूनही त्यांनी हरकत घेतली होती.) त्यांच्या न्हाणीघराचा पाइप फुटला आणि पाणी माझ्या छतातून थेट माळ्यावर उतरलं. मी तक्रार घेऊन वर गेलो, तर ते पाणी त्यांचं असल्याचा पुरावा काय, म्हणून विचारायला लागले. मी नाद सोडला आणि खाली येऊन माळा उपसायला घेतला. सगळ्यात मागे, जुन्या पंख्याच्या आडोशाला, आपली पत्र्याची पेटी. झाकण उघडलं. आपली सगळी कॉमिक्स भिजून एकमेकांना बिलगली होती.

ताई, तुला आठवतात ना गं ती? शहाणी पोरं शूरवीरांची आणि राजपुत्रांची कॉमिक्स जमवायची. आपल्याला मात्र जुन्या पुस्तकांच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर पडलेली, कुणी हात न लावलेली तीच आवडायची. तो मगर वकील आठवतो? कोर्टात अशिलासाठी खरोखर ढसाढसा रडायचा, पण न्यायाधीश नक्राश्रू म्हणून सोडून द्यायचे. मग वजनकाट्यांच्या कचेरीत नोकरीला लागलेलं ते भूत, ज्याची हजेरी कधीच लागायची नाही, कारण ते साहेबांना दिसायचंच नाही. आणि सगळ्यांचा मुकुटमणी कॅप्टन कंटाळा! ना उडता येतं, ना ठोसा मारता येतो. दरोडेखोर आले की हा आपण छत्री कशी खरेदी केली ते पहिल्यापासून सांगायला बसणार आणि दरोडेखोर जागच्या जागी पेंगणार. एका अंकात एका दरोडेखोराला ती गोष्ट मनापासून आवडते, तो मांडी ठोकून बसतो आणि ‘पुढे काय झालं?’ म्हणून विचारतो. त्या वेळी कॅप्टनची जी पाचावर धारण बसते, त्या पानावर मी आजही हसतो.

आणि ती मिशी! छपाई अशी दिव्य, की लाल रंग कधी जागेवर बसलाच नाही. कॅप्टनची लाल मिशी कधी कानाजवळ, कधी कपाळावर, एकदा तर शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या हनुवटीवर. आपलं ठाम मत होतं, की मिशी जिवंत आहे आणि कॅप्टनच्या आधी पुढे जाऊन टेहळणी करते. मला कावीळ झाली होती तेव्हा तू उशाशी बसून मिशीला वेगळा, बारीक आवाज दिला होतास. पुढे आई दवाखान्यात होती, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून आपण दोघं घोडे झालेली माणसं मगर वकील वाचत होतो आणि फिस्सकन हसल्याबद्दल नर्सने आपल्याला जिन्यात हाकललं होतं. त्यानंतर आई बरी होऊन घरी आली. डॉक्टर औषधाने म्हणतात, म्हणोत बापडे.

तर असा ठेवा ओला झालेला. मी एकेक पान हलक्या हाताने सुटं केलं, गच्चीवर नेलं आणि कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं. देखणं दृश्य होतं. एका दोरीवर भूत, एकीवर मगर, मधल्या दोरीवर ओळीने मिश्या. मी कौतुकाने बघत उभा राहिलो आणि नेमका वारा सुटला. चिमटे माझ्या दाढांसारखेच निघाले, म्हणजे धरून ठेवायच्या कामाचे नाहीत. सटासट पानं सुटली आणि कठड्यावरून रस्त्याकडे निघाली. मी ‘अहो थांबा!’ असं ओरडलो. (पानांना अहो-जाहो का केलं, मला विचारू नकोस.) जिन्यावरून धावत सुटलो, शेवटच्या वळणावर पाय घसरला आणि उरलेल्या पायऱ्या बसून उतरलो. कंबरेचं कारण ते हे.

कंबर धरून रस्त्यावर आलो, तर काय सांगू! बँकेचा दरवान खुर्चीत बसून मगर वकील वाचतोय आणि आत जाणाऱ्यांना हाताने नुसतं ‘जा जा’ करतोय. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक एका हातात पान धरून बसलेलं, आणि सलूनवाला वस्तरा हवेत तसाच धरून त्याच्या खांद्यावरून वाचतोय. मी म्हटलं, ‘माझं पान आहे ते, द्या.’ गिऱ्हाईक म्हणालं, ‘एक मिनिट हो, भूत पगाराच्या रांगेत उभं आहे.’ सलूनवाला म्हणाला, ‘पगार मिळतो का त्याला?’ मी म्हटलं, ते पुढच्या पानावर आहे आणि पुढचं पान कुठे आहे ते देवाला माहीत. त्यावर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जणू पगार मीच अडवून ठेवलाय. शेवटी सलूनवाल्याने काचेवर चिठ्ठी लावली, की ज्याला चित्रांचं पान सापडेल त्याने इथे आणून द्यावं.

पानं येत राहिली. पण त्यांच्यामागे माणसंही यायला लागली. दरवान आला, मगरीने खटला जिंकला का विचारायला. अर्ध्या दाढीचा (आता पूर्ण झालेली होती) बायकोला घेऊन आला. आणि एका संध्याकाळी दारात साक्षात हरकतकाका. मला वाटलं, वाळत घातलेल्या पानांवर हरकत असणार. ते खाली मान घालून पुटपुटले, ‘त्या कॅप्टनच्या छत्रीचं पुढे काय झालं?’ त्यांच्या खिडकीत एक पान येऊन पडलं होतं. मी त्यांना आत घेतलं. तेव्हापासून दर रविवारी माझ्या छोट्या खोलीत वाचन चालतं. मी मोठ्याने वाचतो, मंडळी पलंगावर, खिडकीत, उंबऱ्यावर बसतात, आणि हरकतकाका स्वतःचा पाट घेऊन येतात. पाइपही त्यांनी गुपचूप दुरुस्त करून घेतला.

आता खरी गोष्ट. सलूनमधून आलेलं एक पान उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. कुणीतरी कॅप्टनच्या कपाळावरची मिशी खोडरबराने घासून पुसट केली होती आणि नाकाखाली पेन्सिलीने नवी मिशी काढली होती! आपली मिशी, ताई! ‘हे पान दिलं कोणी?’ मी सलूनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘कोपऱ्यावरच्या इमारतीत तळमजल्यावर आजी आहेत, त्यांनी.’ मी तसाच तावातावाने निघालो (कंबरेमुळे ताव जरा तिरपा पडत होता). दार सुनेने उघडलं. आत खिडकीजवळ एक बारीकशा आजी बसलेल्या, स्वेटर घातलेला, हात मांडीवर थरथरत होते. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या हसल्या आणि माझी नजर त्यांच्या दातांवरच अडकली. कारण ते दात माझे होते. म्हणजे मी बनवलेले. तुला माहीतच आहे, मी माणसं ओळखत नाही, जबडे ओळखतो. समोरचे दोन जरा पुढे हवेत, म्हणून या जबड्याने माझ्याकडून कवळी दोनदा बदलून घेतली होती.

तरी मी नेट धरला. म्हटलं, ‘आजी, दुसऱ्याच्या पुस्तकात अशी खाडाखोड करणं बरं नव्हे. ती मिशी कपाळावरच असते.’

आजी ताडकन म्हणाल्या, ‘मुळीच नाही. मी ती नाकाखालीच काढली होती. छापखान्याने सरकवली.’

ताई, मी खाली बसलो. म्हणजे खुर्ची होती, तिच्यावर. कॅप्टन कंटाळा, मगर, भूत, सगळं या आजींच्या हातचं! गोष्टी त्यांचे यजमान, म्हणजे आजोबा, लिहायचे आणि चित्रं या काढायच्या. कॉमिक्सवर नाव मात्र नुसतं ‘मंडळी’ असं असायचं. खप नव्हता, वाचकांची पत्रं यायची नाहीत, आली तर मिशीबद्दल तक्रारीची. पुढे प्रकाशन बंद पडलं, आजोबा गेले, आणि आपलं कुणी वाचलंच नाही असं गृहीत धरून त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. मग एके दिवशी अंगणात हे पान येऊन पडलं. सून मला बाजूला घेऊन सांगत होती, की हात थरथरायला लागल्यापासून त्या सहीसुद्धा टाळायच्या, आणि त्या दिवशी आपण होऊन खोडरबर मागितलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. कावीळ, दवाखान्यातला बाक, मिशीचा बारीक आवाज, सगळं. वाटलं, त्या खूश होतील. त्या तर भडकल्या! ‘म्हणजे तुम्हा भावंडांना माझं चित्र नाही, छापखान्याची चूक आवडली?’ मी म्हटलं, ‘आजी, मिशी कुठेही गेली तरी आम्ही तिला ओळखायचो. दुसऱ्या कुणाची मिशी एवढी ओळखू आली असती का?’ मग सुनेला म्हणाल्या, ‘कागद आण गं.’

पहिली रेघ वाकडी गेली. दुसरी त्याहून वाकडी. मी नजर दुसरीकडे वळवली, कारण मला रडू येतंय का शिंक, ते कळेना. आजी म्हणाल्या, ‘इकडे बघ. कॅप्टन आता म्हातारा झालाय, त्याच्या रेघा थरथरायलाच हव्यात.’ आणि खरंच गं, थरथरत्या रेघांचा तो म्हातारा कॅप्टन असा जिवंत झाला, की कधी एकदा तोंड उघडून आपल्याला पेंगवतो असं वाटावं. गेल्या रविवारी सुनेने त्यांना हाताला धरून माझ्याकडे आणलं. दरवानाने उभं राहून सलाम ठोकला. सलूनवाल्याने सगळ्यांत चांगली उशी त्यांच्या पाठीशी दिली. मी जुना अंक वाचला, लोक पोट धरून हसले, आणि आजी प्रत्येकाचं तोंड निरखून बघत होत्या. एवढ्या वर्षांनी त्यांनी आपला वाचक पहिल्यांदा पाहिला. रोज थोडं थोडं काढतात. हात कधी ऐकतो, कधी नाही. पण न ऐकलेल्या दिवशीही त्या पेन्सिलीला टोक करून ठेवतात, असं सून सांगते.

इकडची खुशाली एवढीच. दाजींना नमस्कार, आणि गुडघ्याला माझ्या कंबरेचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. नव्या कॉमिकची चित्रं भराभर होताहेत, पण बोलण्याचे फुगे रिकामे आहेत. लिहिणारे आजोबा राहिले नाहीत आणि आजी म्हणतात, ‘मला रेघ येते, वाक्य येत नाही.’ आम्ही रविवारी सगळ्यांनी मिळून फुगे भरून पाहिले. हरकतकाकांनी प्रत्येक फुग्यात हरकत घेतली, आणि मी लिहिलेलं वाचून सगळे खरोखर झोपले. लहानपणी पानं फाटलेल्या अंकांचे शेवट तू मनाने रचून सांगायचीस. पुढे खरे अंक मिळाले, की त्यांतले शेवट त्यापुढे फिके वाटायचे. निवृत्त झाल्यापासून फोनवर तू ‘दिवस सरत नाही रे’ म्हणतेस, ते मला ऐकवत नाही. बॅग भर आणि ये. दाजींनाही आण.

ता. ता. क. लाल पेनही आण. कॅप्टनची मिशी आजींना या वेळी लाल शाईनेच काढायची आहे, छापखान्यावर त्यांचा विश्वास नाही.

ता. ता. ता. क. तू होकार दिलास, असं मी आजींना आधीच सांगून टाकलंय. त्यांनी खलनायिकेचं चित्रही पूर्ण केलं: एक निवृत्त मुख्याध्यापिका, जिच्यापुढे खुद्द कॅप्टनला जांभई येते. चष्मा, अंबाडा, भुवई वर करायची पद्धत, सगळं हुबेहूब. फोटो मीच दिला.